राखून ठेवलेली जीप

गर्दी नसलेल्या ठिकाणी जायचं, म्हणून शाल्मलीने महिनाभर फोन करकरून सातपुड्याचा प्रवास आखला होता. नंदुरबारपर्यंत रेल्वे, धडगावपर्यंत एसटी, पुढे डोंगरातल्या एका पाड्यावर मुक्काम आणि तिथून धबधब्यापर्यंत पाड्यावरची एकुलती एक जीप, दिवसभर राखून ठेवलेली.

सकाळी जीपपाशी एक म्हातारा तापाने फणफणलेल्या बायकोला धरून उभा होता.

"धडगावच्या दवाखान्यात न्यायचीय," तो म्हणाला.

"आज गाडी पाहुण्यांची आहे, बाबा," म्हणत ड्रायव्हर दिलवरने शाल्मलीकडे पाहिलं.

"आधी यांना सोडूया का?" तिने नवऱ्याला विचारलं.

"ते उलट्या दिशेला आहे. मग धबधबा विसर," शिरीष वैतागून म्हणाला. एवढ्या खटपटीने आखलेला दिवस तिलाही मोडवेना. ती जीपमध्ये बसली.

संध्याकाळी ते परतले, तेव्हा म्हाताऱ्याच्या अंगणात माणसं जमली होती. म्हातारी दुपारीच गेली होती. शाल्मली जीपमधून उतरली. म्हातारा सावकाश जीपजवळ आला.

"ताई, आता गाडी मोकळी आहे का? लेकीला आणायचंय, मातीसाठी."

"आहे," ती कशीबशी म्हणाली.

"उपकार झाले," म्हणत त्याने तिला हात जोडले.