वाळू पडेपर्यंत

"शाई ओली असते तेवढाच वेळ ती भोवतीचा आवाज टिपते, सगुणाताई," दप्तरखान्यातला हेरंब त्यांच्या कानाला यंत्र लावत म्हणाला. "सुकवायला कारकुनाने वाळू टाकली की संपलं."

काचेखाली एका कुणबिणीचं, म्हणजे विकत घेतलेल्या दासीचं, विक्रीखत होतं. दुष्काळात विकली गेलेली ही पोर सगुणाताईंच्या घराण्यातली पहिली बाई. तिची आठवण म्हणून प्रत्येक पिढीत थोरल्या लेकीचं नाव सगुणा ठेवत आले होते. उद्या नातीचं बारसं होतं.

यंत्रात बोरू कुरकुरला. मग एक पुरुष आळसावून म्हणाला, "नाव सगुणा लिहा. आधीची कुणबीण मेली, तिचं हेच होतं. घरात सगळ्यांच्या तोंडी बसलंय."

"मी सगुणा न्हाई!" एक पोर रडत ओरडली. "माझ्या आयनं माझं नाव..."

सर्रकन वाळू पडली. पुढे काहीच नव्हतं.

सगुणाताईंनी तेवढंच पुन्हा पुन्हा ऐकलं. शेवटी हेरंबनेच हळूच यंत्र काढून घेतलं.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. "आई, पाळण्यावर नाव रंगवायला माणूस आलाय. सगुणाच ना?"

"नको गं."

"मग काय लिहायला सांगू?"

सगुणाताईंच्या कानात अजून वाळू पडत होती.