नख अडकणारे टाके

अर्व्हिला आपला बिडाचा तवा विसरली होती. तो न्यायला ती चर्चच्या तळघराच्या पायऱ्या पुन्हा उतरली, तेव्हा खालून हसण्याचा आवाज आला.

"यात नवऱ्याच्या पायाचं नख अडकेल गं बाई," व्हर्ली म्हणत होती. "पहिल्याच रात्री पलंगावरून तोंडावर आपटेल बिचारा."

अर्व्हिला दारातच थांबली. तिच्या नातीच्या, जोलीनच्या लग्नाची गोधडी चौकटीवर ताणलेली होती, एकात एक गुंतलेल्या अंगठ्यांच्या नक्षीची. बाकीच्या बायका केव्हाच घरी गेल्या होत्या. व्हर्ली आणि नेड्रा तेवढ्या मागे राहिल्या होत्या, आणि नेड्रा अर्व्हिलाच्या खुर्चीत बसली होती. दिवा जवळ ओढून, बारीक कात्रीनं ती अर्व्हिलानं दुपारभर घातलेले टाके एकेक करून उसवत होती.

नख अडकणारे टाके, म्हणजे लांब आणि ढगळ. हा विनोद मूळचा अर्व्हिलाचाच. आमच्या केंटकीच्या या खोऱ्यात गोधडी शिवायला बसलेल्या प्रत्येक बाईनं तो तिच्या तोंडून ऐकला होता, आणि बऱ्याच जणींनी निमूट गिळलाही होता.

व्हर्लीचं लक्ष गेलं आणि तिचं हसू तिथंच विरलं. "मावशी, तू? अगं, इथं दोरा जरा सैल पडला होता, म्हणून म्हटलं..."

"सैल नव्हता," अर्व्हिला म्हणाली.

ती चौकटीपाशी आली. तिच्या डोळ्यांना आता ती नक्षी म्हणजे नुसता रंगांचा काला होता. तिनं कापडावरून बोट फिरवलं. बोटाला भोकांची रांग लागली.

"आजचेच, की मागचेही?"

व्हर्लीला एकाएकी जमिनीवरच्या चिंध्या गोळा करण्याचं काम आठवलं. उत्तर नेड्रानं दिलं. तिला सुई धरायला अर्व्हिलानंच शिकवलं होतं.

"चौकट लावल्यापासूनचे. सगळे. तू गेलीस की उसवते आणि माझे घालते."

"म्हणजे जोलीनच्या गोधडीत माझा एकही टाका नाही."

"लग्नाची गोधडी आहे, मावशी. सगळीकडे सारखी दिसायला नको? तूच म्हणायचीस ना, उसवण्यात अपमान कसला, गोधडी चांगली झाली पाहिजे."

म्हणायची खरी. तेव्हा तिचे टाके तांदळाच्या कणीएवढे असत, आणि दुसरीचे उसवताना तिचा हात कधी अडखळत नसे. कात्री तिच्या हातात होती, म्हणून अपमान होतो की नाही हेही तीच ठरवायची. आता तिला राग यायला हवा होता. आली ती लाज.

"एक ओळ राहू दे, नेड्रा," ती म्हणाली. "खालच्या कडेची. गादीखाली खोचतात तिथली. कुणाला दिसायची नाही. आपला एक हात त्या पोरीच्या अंगावर आहे, एवढं मला ठाऊक असलं म्हणजे झालं."

नेड्रानं कात्री मांडीवर ठेवली.

"माझ्या आईनं हेच मागितलं होतं. माझ्या लग्नाच्या गोधडीत. तिची बोटं वाकडी झाली होती तेव्हा. आठवतंय?"

अर्व्हिलाला नेड्राची आई, ऑटी, आठवत होती. दर गुरुवारी गोधडीला सगळ्यांत आधी येणारी, चूल पेटवून ठेवणारी, सुई पडली की वाकून शोधत बसणारी. आपण तिला काय उत्तर दिलं होतं, ते मात्र आठवेना.

"मी काय म्हणाले?"

"बघू, म्हणालीस."

"मग?"

"मग काय. मरेपर्यंत, माझ्या घरी आली की आधी पलंगाशी बसायची आणि ती कड चाचपायची. सापडली गं, म्हणायची, ही बघ माझी ओळ." नेड्रानं कापडावरचे दोऱ्याचे तुकडे फुंकरीनं उडवले. "मी ती कड उजेडात धरून पाहिलीय, मावशी. तिथं तुझे टाके आहेत."

व्हर्ली खाली वाकली होती ती वाकलेलीच राहिली. वर रस्त्यावर जोलीननं गाडीचा भोंगा वाजवला.

अर्व्हिलानं टेबलावरून तवा उचलला. त्याच्या कडेला मक्याच्या पावाचा चुरा चिकटला होता. दुपारी तिचा तो पाव सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ला होता.

"ठेवशील ना ती ओळ?" तिनं विचारलं.

"बघू," नेड्रा म्हणाली.

अर्व्हिला कठड्याला धरून पायऱ्या चढू लागली. ती वर पोहोचण्याआधीच खाली कात्रीचा आवाज पुन्हा सुरू झाला. दिसत कमी असलं तरी तिचे कान अजून चांगले होते.

"एका तव्यासाठी एवढा वेळ, आजी?" तिला हात देऊन गाडीत चढवताना जोलीन म्हणाली. "आणि डोळे का असे लाल?"

"पायऱ्या उंच आहेत. दम लागला."

जोलीननं गाडी वळवली. पोरगी खुशीत होती, लग्न शनिवारवर आलं होतं.

"ए आजी, एक करशील? गोधडी अंथरली की मला तुझे टाके दाखव. बाकी कुणाचे का असेनात, मला आधी तुझेच बघायचेत. ओळखायचे कसे पण?"

अर्व्हिलानं मांडीवरचा तवा दोन्ही हातांनी धरला.

"सोपं आहे," ती म्हणाली. "सगळ्यांत बारीक असतील ते माझे."