सातव्या तबकडीतलं दार

"मास्तर, या सातव्या तबकडीत तुम्ही एवढे लांब का उभे आहात?" ध्वनिमुद्रक बाईंनी हेडफोन मानेवर ओढत विचारलं.

मास्तर नेहमीसारखे गालातल्या गालात हसले. "मुद्दाम मागे गेलो होतो."

मास्तरांचा बँड नवा होता तेव्हाच्या अठरा तबकड्या आता एकत्र निघणार होत्या. तीन महिने बाई एकेक तबकडी धुऊनपुसून स्वच्छ करत होत्या. आज शेवटचं ऐकणं होतं. तबकड्यांच्या संचासोबत द्यायच्या पुस्तिकेवर कोण काय वाजवतं ते छापायचं होतं आणि त्या कागदावर मास्तरांची सही हवी होती. सातव्या ओळीत लिहिलं होतं, 'ट्रंपेट : मास्तर'. त्यांना घेऊन आलेली पुतणी त्यांचा कोट मांडीवर ठेवून मागच्या खुर्चीत बसली होती.

मास्तरांचं नाव झालं ते या सातव्या तबकडीमुळे. तो लांबून येणारा ट्रंपेट ऐकून जाणकारांनी पानंच्या पानं लिहिली. कोणाला त्यात विरह दिसला, कोणाला क्षितिज. कोणी विचारलं की मास्तर म्हणत, मुद्दाम मागे गेलो होतो. वाढलेलं ताट समोर आल्यावर कोण उठतं?

"मग पुढचा कोण?" बाईंनी बटण दाबलं.

लांबचा ट्रंपेट उंच चढत होता. त्याच्या खाली, माईकच्या अगदी जवळ, दुसरा एक ट्रंपेट बिचकत बिचकत सूर धरून होता.

"इतकी वर्षं हा तबकडीच्या खरखरीखाली दडला होता. साफ केल्यावर सापडला," बाई हसून म्हणाल्या. "एक माणूस दोन ठिकाणी कसा उभा राहील?"

मास्तरांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला. बँडमधलं कोणीच आता उरलं नव्हतं. झाकली मूठ त्यांना तशीच ठेवता आली असती.

"पुढचा मी," ते म्हणाले. "मागचा दादा."

पुतणीने मान वर केली. तिने वडिलांना पाहिलं होतं ते सायकल दुरुस्तीच्या दुकानात, हात ग्रीसने काळे झालेले. घरात त्यांनी कधी साधी शीळही घातली नाही. बँडबद्दल ते एकच वाक्य बोलत, तेही कोणी फारच खोदून विचारलं तर.

"बाबा म्हणायचे, धाकट्याने मला सगळ्यांदेखत दाराशी उभं केलं."

"केलं," मास्तर म्हणाले.

"अहो, तेव्हा माईक एकच असायचा," बाई मध्येच उत्साहाने म्हणाल्या. "ज्याचा आवाज मोठा त्याला मागे पाठवायचे, नाहीतर बाकीचे सगळे बुडायचे. पण थेट दारापर्यंत पाठवलेला माणूस मी पहिल्यांदाच ऐकतेय. काय दमसास असेल!"

त्या कौतुकाने बोलल्या होत्या. पण खोलीत कोणीच खूश झालं नाही.

"हे बाबांना माहीत होतं?" पुतणीने विचारलं.

"नाही. स्टुडिओत तो पहिल्यांदाच आला होता. त्याला वाटलं, बेसूर वाजवतो म्हणून मागे ढकललं." मास्तर बोलताना कागदाकडे बघत होते. "एक वाक्य पुरलं असतं. अगदी जिभेवर आलं होतं. पण बँडचा मास्तर मी. सगळ्यांसमोर कसं म्हणायचं, की हा माझ्यापेक्षा भारी वाजवतो? म्हटलं, नंतर सांगू."

"बाबा त्यानंतर अठ्ठावीस वर्षं होते, काका. तुम्ही दर महिन्याला घरी यायचात."

"यायचो."

"काय बोलायचात?"

"सायकलींबद्दल."

पुतणी कोटाची घडी उलगडून पुन्हा घालत राहिली. मास्तरांनी पेन उघडलं. सातव्या ओळीतलं आपलं नाव खोडलं आणि त्यावर थोरल्या भावाचं नाव लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं. मग कागद उचलून त्यांनी पुतणीपुढे धरला. तिने तो वाचला, पण हातात घेतला नाही.

बाईंना आपल्या तोंडून काय निघून गेलं ते आत्ता उमगलं. विषय बदलावा म्हणून त्या म्हणाल्या, "बाकी सगळं झालंय. शेवटी एक नको तो आवाज होता, तोही मी काढून टाकला."

"कसला?"

"दाराचा. मुद्रण संपायच्या आतच कोणीतरी उठून गेलं होतं, बहुतेक."

दोघंही त्यांच्याकडे बघत राहिले.

"परत घाला तो," मास्तर म्हणाले.

बाईंनी मूळ मुद्रण लावलं. सगळा बँड थांबला तरी लांबचा तो एक सूर थांबला नाही. श्वास पुरेल तोवर तो टिकला, मग संपला. नंतर नुसती खरखर. मग दोन पावलं. दोनच, कारण दार पाठीशीच होतं. आणि दार लागलं. आपटलं नाही, हळूच लागलं.

"पुन्हा लावता, ताई?" पुतणी म्हणाली.

बाईंनी पुन्हा लावलं. सूर, खरखर, दोन पावलं, दार.

"मग तुम्ही काय केलंत, काका?"

मास्तरांनी पेनाला टोपण लावलं.

"तबकडीची दुसरी बाजू बाकी होती," ते म्हणाले. "ती वाजवली."