पुन्हा बोळा?

बाबांचा घोळणा फुटून दोन दिवस झाले, तरी नाकातल्या बोळ्यातून रक्त झिरपतच होतं.

"नवा बोळा घालू. खर्च कमी, पण तीन दिवस इथेच," डॉक्टर म्हणाल्या. "नाहीतर दुर्बिणीने रक्तवाहिनी बंद करू. खर्च चौपट, पण परवा घरी."

मृण्मयी गोंधळली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बाबांना भूल झेपेल? बोळ्यानंतरही रक्त आलं तर? "डॉक्टर, तुम्हीच ठरवा ना."

"बाबांना विचारलंत?"

बाबा तोंडाने श्वास घेत म्हणाले, "घास गिळताना जीव गुदमरतो गं. बोळा पुन्हा नको."

हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. भुलीची धास्ती होतीच, तरी तिने ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

तिसऱ्या दिवशी बाबा घरी पोटभर जेवले आणि तोंड मिटून झोपले.