पुढे पळणारा

बाळांनो, जरा डोळ्यांसमोर आणा: दवाखान्यातली खाट, कालच छातीत पेसमेकर बसवलेले आजोबा, आणि शेजारी स्टुलावर चुळबुळ करणारी त्यांची नात.

"आजोबा, पेसमेकर म्हणजे काय?"

"हा इंग्रजी शब्द आधी शर्यतीतला. एक गडी सगळ्यांच्या पुढे पळतो, म्हणजे मागच्यांचा वेग पडत नाही. तो पेसमेकर, वेग बांधून देणारा. डॉक्टरांनी तोच शब्द हृदयासाठी उचलला."

"मग शर्यत तोच जिंकत असेल."

"छे गं. तो तर अर्ध्यातच बाजूला होतो," आजोबा हसून म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांचा डोळा लागला.

नातीला मात्र बसवेना. ती खाटेच्या कडेला उभी राहून जागच्या जागी पाय आपटू लागली. डावा, उजवा, डावा, उजवा.

"अगं भिंगरी, बस की जरा," खाटेच्या उशाशी बसलेली आत्या दबक्या आवाजात म्हणाली. "बाबांची झोप मोडेल."

"पण आत्या, तो बाजूला झाला तर आजोबांच्या पुढे कोणीतरी पळायला हवं ना."

नातीने चपला काढून ठेवल्या आणि अनवाणी पायांनी, आवाज न करता, तोच ठेका पुन्हा धरला.