जाळी

लघुउद्योजक संघाच्या शिबिरात कृत्रिम हात वाटायचा मान श्रीरंग बेंद्र्यांना मिळाला. रांगेत त्यांना बबन दिसला. बबनचा उजवा पंजा त्यांच्याच कारखान्यातल्या पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली गेला होता.

बबनने डाव्या हाताने खोका घेतला. फोटोसाठी दोघं जवळ सरकले.

"मालक, त्या प्रेसवर आता कोण असतं?" त्याने हळूच विचारलं.

"दुसरा ठेवलाय."

"हात आत जाऊ नये म्हणून समोर जाळी बसवलीत ना?"

शिबिरासाठी बेंद्र्यांनी सढळ हाताने देणगी दिली होती. जाळीचं मात्र राहूनच गेलं होतं.

टाळ्या चालू असतानाच मंचावरून खाली उतरून त्यांनी कारखान्यात फोन लावला. "प्रेस बंद करा, आत्ताच."

"काय म्हणता? ऐकू येत नाही," प्रेसच्या खडखडाटात मुकादम ओरडला.

बेंद्रे गाडीकडे धावत सुटले.