श्रेयनामावली

दादरच्या आमच्या फिल्म सोसायटीत काल चिंतामणीचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, व्याख्यान झालं. विषय होता मूकपटांच्या काळातली एक ऑस्ट्रियन दिग्दर्शिका. सिनेमे तिने केले आणि पडद्यावर नाव लागलं नवऱ्याचं, हे सांगताना चिंतामणीचा गळा दाटून आला. बायकांनी डोळे पुसले.

जर्मन मला येतं. त्याला 'डांके' म्हणजे 'आभार', ह्याच्या पुढे येत नाही. जुनी जर्मन वर्तमानपत्रं चाळून ते अख्खं भाषण मी लिहिलं होतं, गळा कुठे दाटायचा त्या जागेसकट. सकाळी मी विचारलं, "माझं नाव घेशील ना?" तो बुटाची नाडी बांधत म्हणाला, "मृणालिनी, घरच्यांचे काय आभार मानायचे?"

शेवटी आभारप्रदर्शनाला मला उभं केलं. वक्त्याच्या बायकोला तेवढं काम देतातच. मी हॉलवाल्यांचे, प्रोजेक्टरवाल्याचे, चहावाल्याचेही आभार मानले. चिंतामणी पहिल्या रांगेत शाल सावरत, हसऱ्या चेहऱ्याने आपल्या नावाची वाट बघत होता.



"आजचं भाषण मी लिहिलं आणि ह्यांनी वाचलं. दोघंही घरचेच, आमचे काय आभार मानायचे?"